वर्षभरातच ब्रेक पॅड संपले: दोष पायाचा की गाडीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी अकरा महिन्यांची असून १४,००० किलोमीटर चालली आहे. दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळी वर्कशॉपने सांगितले की मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड संपले आहेत, मागच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, जिला दोन पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) चरे पडले आहेत आणि दोन्ही बदलावे लागतील. पॅड हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, आणि इतक्या लवकर झिजण्याचे कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘तुमची ब्रेक मारण्याची सवय’. तुमच्या आधीच्या गाडीचे पहिले पॅड ५०,००० किलोमीटरच्या पुढे गेले होते, पाय तोच आणि रस्तेही तेच, त्यामुळे हे उत्तर तुम्हाला पटत नाही.

वर्कशॉपचे उत्तर चूकच आहे असे मी म्हणणार नाही. काही वेळा ते अगदी बरोबर असते. परंतु चाके उतरवून आठही पॅडची जाडी मोजल्याशिवाय दिलेले हे उत्तर निदान ठरत नाही, तो केवळ अंदाज आहे. ब्रेक किती झिजले यावरून फार तर गाडी कशी चालवली गेली याचा तर्क करता येतो. गाडीत दोष आहे की नाही हे कळते ते ती झीज चार चाकांवर, आणि प्रत्येक चाकाच्या आतल्या व बाहेरच्या पॅडवर, कशी वाटली गेली आहे त्यावरून. तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच वाटणीत आहे, आणि दुर्दैवाने वर्कशॉपने नेमका तोच तपशील तुम्हाला दिलेला नाही.

प्रथम जुन्या गाडीशी केलेल्या तुलनेबद्दल. ही तुलना स्वाभाविक असली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. जुन्या गाडीला मागे बहुधा ड्रम ब्रेक असतील. ड्रमच्या लायनरचे, म्हणजे आतल्या घर्षण-पट्टीचे, क्षेत्रफळ मोठे असते, तो बंद डब्यात काम करतो आणि मागच्या चाकांना कामही बेताचेच मिळते, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय पूर्वीच्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब एका साध्या व्हॉल्व्हने मुद्दाम कमी ठेवलेला असे, कारण मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. आताच्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक ब्रेक वितरण करते. चाक घसरू लागल्याचे सेन्सरला क्षणात कळत असल्याने ही यंत्रणा हलक्या ब्रेकच्या वेळी मागच्या चाकांकडून पूर्वीपेक्षा जास्त काम करून घेऊ शकते. त्यात स्थिरता नियंत्रण, ट्रॅक्शन कंट्रोल, पुढच्या गाडीचे अंतर राखून आपोआप वेग कमी करणारा क्रूझ कंट्रोल आणि सिग्नलला गाडी धरून ठेवणारी सोय यांची भर पडते. यांपैकी काही यंत्रणा तुमचा पाय पेडलवर नसतानाही ब्रेक लावतात. मागचे पॅड मुळात पुढच्यांपेक्षा लहान असतात आणि पुष्कळदा पातळही. त्यामुळे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपणे ही आजच्या गाडीत आश्चर्याची गोष्ट राहिलेली नाही. १४,००० किलोमीटरमध्ये संपणे मात्र आश्चर्याचे आहे, आणि त्याला कारण असलेच पाहिजे.

ते कारण शोधताना ऊर्जेचा हिशोब मनात ठेवलेला बरा. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली तर सुमारे ५४० किलोजूल उष्णता तयार होते. वेग ताशी ५० असेल तर तीच उष्णता १३५ किलोजूल, म्हणजे चौथा हिस्सा, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आता समजा, एका मागच्या चाकाचा पॅड डिस्कला सतत हलका घासतो आहे आणि त्यामुळे चाकाच्या परिघावर फक्त ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाइतका, अडथळा होतो आहे. हा अडथळा चारही टायरच्या मिळून होणाऱ्या नेहमीच्या घर्षणाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असल्यामुळे चालवताना जाणवणारही नाही. इंधन थोडे जास्त लागेल इतकेच. पण १४,००० किलोमीटरमध्ये त्या अडथळ्याने खाल्लेली ऊर्जा होते ७०० मेगाजूल. म्हणजे संपूर्ण गाडी ताशी १०० वरून जवळजवळ १,३०० वेळा थांबवण्याइतकी, आणि तीसुद्धा एकट्या एका चाकावर. चालकाने कितीही ब्रेक मारले तरी एका मागच्या पॅडच्या जोडीवर इतका भार टाकणे सोपे नाही. म्हणूनच अकाली झिजेत ‘ब्रेक मारणे’ यापेक्षा ‘ब्रेक न सुटणे’ हा संशय मी आधी घेतो.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी टक्केवारीचा घोळ दूर करतो, कारण ग्राहक आणि वर्कशॉप यांच्यातला अर्धा वाद त्यातून उद्भवतो. जॉब कार्डवर ‘पॅड ३० टक्के शिल्लक’ असे लिहिलेले असते. कशाच्या ३० टक्के? नव्या पॅडवर घर्षणाचा थर १२ मि.मी. होता आणि आता ४ मि.मी. उरला असेल तर सरळ हिशोबाने ३३ टक्के होतात. पण तो ३ मि.मी.ला बदलायचा असेल तर वापरण्याजोग्या ९ मि.मी.पैकी उरला एकच मि.मी., म्हणजे ११ टक्के. कोणी पॅडच्या पाठीची लोखंडी पट्टी धरून जाडी मोजतो. ती पट्टीच ५ ते ६ मि.मी.ची असते, त्यामुळे संपलेला पॅडही धडधाकट वाटतो. म्हणून टक्के स्वीकारू नका. प्रत्येक पॅडच्या घर्षण-थराची जाडी मिलिमीटरमध्ये मागा, आणि गाडीच्या पुस्तिकेत बदलण्याची जी मर्यादा दिली असेल तिच्याशी ती ताडून पाहा. दुसरे म्हणजे, रिमच्या फटीतून टॉर्च मारून केलेली तपासणी ग्राह्य धरू नका. तशी पाहिल्यास बाहेरच्या पॅडची कडा तेवढी दिसते. आतला पॅड, जो पुष्कळदा आधी संपतो, तो दिसतच नाही.

आता ती आठ मोजमापे हातात आली असे धरू.

मागचे चारही पॅड जवळपास सारखेच झिजले असतील, पुढचेही त्या प्रमाणात बरेच उतरले असतील, आणि डिस्कचा पृष्ठभाग एकसारखा असेल, तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, आपले काम नीट करत आहेत. अशा वेळी चालवण्याची पद्धत, रस्त्यांचा उतार, गाडीतला भार आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा वापर यांकडेच पाहावे लागते. वर्कशॉपचा अंदाज इथे खरा ठरू शकतो.

एकाच बाजूचे मागचे चाक जास्त झिजले असेल तर तो चालकाचा दोष असणे जवळजवळ अशक्य आहे. पेडलवरचा दाब डाव्या-उजव्या चाकांना सारखाच जातो. तुमच्या पायाला एक चाक निवडता येत नाही. तिथे त्या चाकाचा कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या पिना, हँडब्रेकची केबल किंवा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची मोटर यांची तपासणी व्हायलाच हवी.

त्याच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये मोठा फरक असेल तर आणखी नेमके सांगता येते. बहुतेक गाड्यांत सरकता कॅलिपर असतो: पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग तिथे नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी काटछेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळले जाते आणि दाब जाताच पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे खेचते. सारा खेळ तेवढ्या फटीचा आहे. पिस्टनवर गंज धरला किंवा सील फुगले तर पिस्टन मागे येत नाही आणि आतला पॅड घासत राहतो. कॅलिपर पिनांवर मागे सरकत नसेल तर बाहेरचा पॅड डिस्कवर टेकून राहतो. मात्र पिना अगदीच जाम झाल्या तर चित्र उलटते आणि सगळा दाब एकट्या आतल्या पॅडला सोसावा लागतो. म्हणून केवळ कोणता पॅड झिजला यावरून निकाल देऊ नये, पिना हाताने सरकवून पाहाव्यात. आतला पॅड थोडा अधिक झिजणे नेहमीचेच आहे. दुप्पट झिजणे नव्हे. आणि पॅड एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे पाचरीसारखा, झिजला असेल तर दोन पिनांपैकी एक अडकलेली असते किंवा पॅडचे कान (दोन टोकांना पुढे आलेले भाग) कंसाच्या, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, खाचेत घट्ट बसलेले असतात.

या शेवटच्या कारणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या गाडीत मला ते सर्वांत जास्त वेळा दिसले आहे. पॅडचे दोन कान कॅलिपरच्या कंसातल्या स्टीलच्या क्लिपवर सरकतात. क्लिपखाली ओतीव लोखंड असते आणि ते गंजले की गंज फुगतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडला सरकायला जागा उरत नाही. ‘पण गाडी तर नवी आहे’ असे ग्राहक म्हणतो. गाडी त्याच्यासाठी नवी असते. कारखान्यातून निघाल्यावर ती कित्येकदा काही महिने उघड्या आवारात ऊन-पाऊस खात उभी असते, आणि ब्रेकच्या दृष्टीने उभे राहणे हे चालण्यापेक्षा वाईट असते. तुमच्या गाडीच्या कागदपत्रांवर किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर निर्मितीचा महिना असेल तर तो खरेदीच्या तारखेशी ताडून पाहा. एका गाडीच्या बाबतीत मला दोन्ही मागच्या कंसांत पॅड इतके घट्ट सापडले की ते हातोडीने ठोकून बाहेर काढावे लागले. गाडी दहा महिन्यांची होती आणि तिच्या मालकाला दोन ठिकाणी ‘पाय हलका ठेवा’ असा सल्ला मिळाला होता. खाचा साफ करून, नव्या क्लिप बसवून आणि पिनांना योग्य ग्रीस लावून दिल्यावर त्यानंतर बसवलेले पॅड नेहमीसारखे टिकले.

डिस्कवरच्या चऱ्यांच्या बाबतीतही गाडी उभी राहणे वाईटच. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या किंवा धुतलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या डिस्कवर मात्र खड्डे पडतात, आणि खडबडीत झालेली डिस्क कानशीसारखी पॅड कुरतडू लागते. मागच्या ब्रेकवर नेहमी अगदी हलकाच दाब येत असेल तर हा गंज घासून जातच नाही. गंमत अशी की मोटरच्या साह्याने वेग कमी करणाऱ्या हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत ब्रेक फार कमी वापरले जातात आणि त्यामुळेच डिस्क खराब होतात. चरे केवळ एका ठिकाणी, गोल रेषेसारखे आणि खोल असतील तर पॅड व डिस्कमध्ये किंवा मागच्या पत्र्याच्या आवरणात अडकलेला खडाही कारण असू शकतो.

ब्रेक सुटतात की नाही हे तुम्ही स्वतः पाहू शकता. पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर शक्य तितके कमी ब्रेक लावून गाडी चालवा, शेवटी इंजिनच्या साह्याने वेग उतरवून हळूच थांबा आणि लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचे तापमान घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या थोड्या फरकाकडे लक्ष देऊ नका. डावे-उजवे ताडून पाहा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असाव्यात. एक बाजू दुसरीपेक्षा ३०-४० अंशांनी तापली असेल तर तिथे ब्रेक धरून राहतो आहे, हे वर्कशॉपलाही नाकारता येणार नाही. बोटाने चाचपडू नका, भाजेल. आणि तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नका. नंतर सपाट जागी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावून, पार्किंग ब्रेक सोडून मागचे चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. पॅडचा बारीक घासल्याचा आवाज येणे साहजिक आहे, पण चाक अर्धा फेराही न फिरता थांबत असेल तर ते योग्य नाही. एकदा कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुन्हा फिरवून पाहा; कित्येक कॅलिपर दाब येऊन गेल्यावरच अडकतात. पार्किंग ब्रेक लावून सोडल्यानंतर हीच चाचणी पुन्हा केली तर दोष पिस्टनचा आहे की पार्किंग ब्रेकच्या यंत्रणेचा, हेही वेगळे काढता येते.

दोन्ही मागची चाके सारखीच तापत असतील आणि पुढची थंड असतील तर केबलचा ताण किंवा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक पूर्ण न सुटणे याकडे पाहा. चारही चाके धरून ठेवत असतील तर दोष वर, पेडल आणि मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) असतो: पेडलला मोकळी हालचाल उरलेली नसली तर ब्रेक ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि दाब अडकतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून खनिज तेल गेले असेल तर सगळीच रबरी सील फुगतात. नव्या गाडीत हे क्वचितच घडते, पण कोणी मधे ऑइल भरले असेल तर ते विचारायला हवे.

आता तुमच्या पायाविषयी, कारण तुम्ही तोही प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे. आधीची गाडी हाताने गिअर टाकण्याची आणि ही ऑटोमॅटिक असेल तर ‘तोच पाय’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. क्लचवरून मोकळा झालेला डावा पाय अनेकांच्या नकळत ब्रेकच्या पेडलवर विसावतो. ऑटोमॅटिक गाडी पेडल सोडले की आपणहून पुढे सरकते, म्हणून रांगेत ती सतत ब्रेकवर धरली जाते. आणि उतारावर खालचा गिअर घेण्याची सवय सुटल्यामुळे इंजिनचे काम ब्रेकवर येते. हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या कोणाला तरी मागून दुसऱ्या गाडीतून यायला सांगणे आणि तुमचे ब्रेकचे दिवे किती वेळा व किती वेळ लागतात हे पाहायला सांगणे. स्वतःच्या पायाबद्दलचा आपला समज आणि त्या दिव्यांची साक्ष यांत बऱ्याचदा मोठे अंतर निघते. महामार्गावर आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल फार वापरत असाल तर काही दिवस तो बंद ठेवून पाहा.

वर्कशॉपशी बोलताना ‘पॅड वॉरंटीत बदलून द्या’ अशी मागणी करू नका. त्या मागणीला तयार नकार ठेवलेलाच असतो. पॅड झिजणारा भाग आहे हे मान्य करा आणि कॅलिपर, पिना, कंस व पार्किंग ब्रेक यांची तपासणी करून लेखी नोंद मागा, कारण हे भाग झिजणाऱ्या वस्तूंत मोडत नाहीत. त्यांत दोष सापडला तर पॅड आणि डिस्क त्या दोषामुळे गेले असे म्हणण्याला आधार मिळतो. जॉब कार्डवर आठ पॅडची जाडी, चार डिस्कची मायक्रोमीटरने मोजलेली जाडी आणि पिना हाताने सरकतात की नाही एवढे लिहून घ्या. काढलेले जुने पॅड ताब्यात घ्या आणि कोणता कोणत्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे त्यावर मार्करने लिहा. ते भंगारात गेले की पुरावा गेला.

बदलण्याचे काम टाळता येणार नाही, पण ते नीट करून घ्या. पॅड एकाच चाकाचे बदलू नयेत, एका आसाच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. डिस्क बदलायची की नाही हे चऱ्यांवरून ठरवू नये. डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, तिच्यापेक्षा डिस्क पुरेशी जाड आणि सपाट असेल तर उथळ चरे चालतात. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत यंत्रणा आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मोटर पिस्टनला मोकळे सोडते त्या स्थितीत, न्यावी लागते. पिस्टन बळजबरीने मागे दाबल्यास त्याची मोटर किंवा आतला स्क्रू खराब होतो. चाकाचे नट टॉर्क पान्याने सारखे आवळले नाहीत तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडलमध्ये थरथर सुरू होते. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मधे थंड होऊ द्या आणि तापलेल्या स्थितीत पेडल दाबून उभे राहू नका.

हे सगळे होईपर्यंत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, चाकातून जळका वास आला किंवा पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

नवे पॅड बसवताना त्यांची जाडी लिहून ठेवा आणि ३,००० किलोमीटर झाल्यावर चाके उतरवून पुन्हा मोजा. तुमच्या आताच्या झिजेच्या वेगाने दर २,००० किलोमीटरला साधारण एक मि.मी. जातो आहे, म्हणजे मूळ दोष तसाच राहिला असेल तर तेवढ्यात दीड मि.मी. उतरलेला दिसेल, तो दूर झाला असेल तर अर्ध्या मि.मी.च्या आसपास. सहा महिने वाट पाहून पुन्हा त्याच वादात पडण्यापेक्षा ही एक मोजणी स्वस्त आहे, आणि दीड मि.मी. निघाला तर तुमच्या पायाची चर्चा पुन्हा सुरू करण्याआधी वर्कशॉपला कॅलिपर उघडावाच लागेल.